विश्लेषण : सीईटीत ‘चांगला’ पर्सेंटाइल म्हणजे नेमका किती?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की घरोघरी पहिला फोन येतो तो मामाचा किंवा काकाचा. प्रश्न ठरलेला असतो : ‘किती टक्के पडले?’ मुलगी सांगते, ‘एक्क्याण्णव पॉइंट सहा.’ पलीकडून ‘वा, वा, पेढे कधी?’ असे कौतुक होते. तासाभराने शेजारच्या क्लासचा फलक दिसतो, त्यावर ९९.८, ९९.९ असे आकडे आणि फोटो असतात. रात्रीपर्यंत तेच घर काळजीत पडलेले असते. दुसऱ्या दिवशी एखाद्या अनोळखी ‘प्रवेश सल्लागारा’चा फोन येतो : ‘एक्क्याण्णववर पुण्यात काहीच मिळत नाही, मॅनेजमेंट कोट्यातली एक जागा आहे, आज ठरवा.’

चोवीस तासांत एकच आकडा आधी उत्तम ठरतो, मग सामान्य आणि शेवटी टाकाऊ. आकडा बदललेला नसतो. तो कशाशी ताडून पाहायचा, हे कोणी सांगितलेले नसते आणि तेवढ्या एका अज्ञानापोटी काही कुटुंबांचे लाखो रुपये जातात.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, मग काय?

टक्केवारी सांगते की विद्यार्थ्याने पेपरमधले किती गुण मिळवले. पर्सेंटाइल सांगतो की रांगेत त्याच्या मागे किंवा त्याच्या बरोबरीला किती जण आहेत. ९१.६ पर्सेंटाइल याचा अर्थ त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९१.६ टक्के विद्यार्थ्यांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण पडले. तिने पेपर किती टक्के सोडवला, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पीसीएम गटाची परीक्षा २०० गुणांची असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. दोन्ही पेपरना दीड-दीड तास. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. अकरावीच्या अभ्यासक्रमाला सुमारे २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के वजन असते. गणिताच्या पेपरात वेळ पुरत नाही, ही तक्रार दर वर्षीची आहे. त्यामुळे २०० पैकी निम्मेच गुण मिळालेला विद्यार्थीही पर्सेंटाइलच्या शिडीवर ५० च्या कितीतरी वर असतो. बारावी बोर्डात ५० टक्के पडले तर घरात सुतकी वातावरण असते. सीईटीत निम्मे गुण ही बरी कामगिरी असू शकते. दोन्ही आकड्यांना एकाच फूटपट्टीने मोजण्याची सवय लागली की गोंधळ इथूनच सुरू होतो.

गुणच का देत नाहीत?

२०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होते. लाखो विद्यार्थ्यांना एकाच वेळी बसवता येईल इतके संगणक राज्यात नाहीत, म्हणून परीक्षा अनेक दिवस, सकाळ-दुपार अशा सत्रांत चालते. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. काही सोपी निघते, काही अवघड. अवघड सत्रातल्या ९६ गुणांची सोप्या सत्रातल्या ९६ गुणांशी थेट तुलना केली तर अन्याय होईल. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना फक्त त्याच्या सत्रातल्या विद्यार्थ्यांशी केली जाते.

हिशेब साधा आहे. समजा, एका सत्रात २० हजार विद्यार्थी होते आणि पेपर अवघड होता. ९६ किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे १८,४०० निघाले. म्हणजे ९६ गुणांचा पर्सेंटाइल ९२. दुसऱ्या दिवशीच्या सत्रातही २० हजारच होते, पण पेपर सोपा होता. तिथे ९६ पर्यंत गुण असलेले १७,६०० निघाले. तिथे त्याच ९६ गुणांचा पर्सेंटाइल ८८. मैत्रिणीला माझ्याइतकेच गुण असून तिला चार पर्सेंटाइल जास्त कसे, या प्रश्नाचे उत्तर यात आहे. या पद्धतीत एक गृहीतक दडलेले आहे : प्रत्येक सत्रात हुशार, मध्यम आणि कच्चे विद्यार्थी साधारण सारख्या प्रमाणात वाटले गेले असणार. सत्रातली संख्या मोठी असेल तर ते बऱ्यापैकी खरे ठरते. अगदी अचूक मात्र ते कधीच नसते, आणि पालकांची या पद्धतीवरची नाराजी सगळीच चुकीची आहे असेही म्हणता येत नाही.

या पद्धतीमुळे प्रत्येक सत्रातल्या सर्वाधिक गुणांच्या विद्यार्थ्याला १०० पर्सेंटाइल मिळतो, मग त्याचे गुण २०० पैकी १९० असोत की १८०. ‘शंभरपैकी शंभर’ असे मथळे दर वर्षी छापून येतात. त्यांचा अर्थ पैकीच्या पैकी गुण असा घ्यायचा नसतो.

एकूण पर्सेंटाइल हा तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतो, हेही अनेकांना ठाऊक नसते. तीन विषयांचे गुण एकत्र करून त्या बेरजेवर स्वतंत्रपणे पर्सेंटाइल काढला जातो. त्यामुळे भौतिकशास्त्रात ८५, रसायनशास्त्रात ९५ आणि गणितात ८८ दिसत असताना एकूण आकडा सरासरीपेक्षा वर किंवा खाली येऊ शकतो. निकालात चूक आहे असे समजून धावाधाव करण्याचे कारण नाही. दशांशानंतर सात आकडे देतात ते बरोबरी टाळण्यासाठी. तरीही बरोबरी झालीच, तर अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत आधी गणिताचा, मग भौतिकशास्त्राचा आणि नंतर रसायनशास्त्राचा पर्सेंटाइल पाहतात.

आकड्याचे रांगेत रूपांतर कसे करायचे?

पीसीएम गटाची परीक्षा २०२५ मध्ये चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. हिशेबाला सोपे जावे म्हणून चार लाखच धरू. ९९.९ पर्सेंटाइल म्हणजे पुढे साधारण ४०० जण. ९९ म्हणजे पुढे ४,०००. ९८ वर ८,०००, ९५ वर २०,०००, ९० वर ४०,००० आणि ८० वर ८०,०००. ९१.६ असलेल्या मुलीच्या पुढे सुमारे ३३,६०० जण आहेत.

आकडा असा उलगडला की दोन गोष्टी लख्ख दिसतात. ९९ आणि ९९.९ हे कानाला सारखेच वाटतात, पण त्यांच्यामध्ये ३,६०० विद्यार्थी उभे आहेत. नामांकित महाविद्यालयांतल्या संगणक शाखेच्या जागा एवढ्याच पट्ट्यात संपतात. म्हणून वरच्या टोकाला दशांशानंतरचा आकडा महत्त्वाचा असतो आणि ९८.७ वाला विद्यार्थी रडताना दिसला तर ते नाटक नसते. दुसरी गोष्ट मधल्या पट्ट्याची. तिथे सारखे गुण असलेल्यांची गर्दी इतकी असते की गणिताचा एखादा प्रश्न बरोबर-चूक झाल्यानेही पर्सेंटाइल चांगलाच हलतो. तिथल्या दोन-तीन पर्सेंटाइलच्या फरकावरून ‘हा हुशार, ती कच्ची’ असे ठरवण्यात काही अर्थ नसतो.

हा अंदाजही अंतिम नव्हे. प्रवेशासाठी खरा कामाचा असतो तो गुणवत्ता क्रमांक. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे ‘कॅप’साठी, नोंदणी करून कागदपत्रांची पडताळणी झालेल्यांचीच गुणवत्ता यादी लागते. परीक्षा दिलेले सगळे तिथे येत नाहीत. कोणी आयआयटी-एनआयटीकडे जातो, कोणी नीट देऊन वैद्यकीयला, कोणी बीएस्सीला, कोणी राज्याबाहेर. त्यामुळे यादीतला क्रमांक बहुधा पर्सेंटाइलवरून काढलेल्या अंदाजापेक्षा पुढचा येतो. तात्पुरती यादी लागली की पर्सेंटाइल विसरून तो क्रमांक लक्षात ठेवावा.

दुसऱ्या परीक्षेच्या पर्सेंटाइलशी तुलना तर अजिबातच करू नये. जेईई मेनचे ९० आणि सीईटीचे ९० ही दोन वेगळ्या रांगांमधली ठिकाणे आहेत. जेईई मेन देशभरातले विद्यार्थी देतात, तिथे चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात आणि दोन वर्षे फक्त त्याच परीक्षेची तयारी केलेल्यांचे प्रमाण मोठे असते. २०२५ मध्ये जेईई अॅडव्हान्स्डला बसण्यासाठी खुल्या गटाला मेनमध्ये साधारण ९३.१ पर्सेंटाइल लागला होता. तेवढ्यावर सीईटीतून काय मिळते, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

नीटचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. २०२४ च्या सुधारित निकालात १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ गुण मिळाले. २०२४ मध्ये ६८६ गुण घेऊन देशात पहिले येण्याचे स्वप्नही कोणी पाहिले नसते. गुणांना स्वतःची किंमत नसते, ती रांगेतल्या जागेने ठरते.

मग ‘चांगला’ कोणता?

राज्यात अभियांत्रिकीच्या जागा आता दोन लाखांच्या घरात आहेत. परीक्षा देणारे चार लाखांहून अधिक, आणि त्यातलेही बरेच अन्य वाटांनी जाणारे. म्हणजे अभियांत्रिकीला प्रवेश मिळावा, एवढीच अपेक्षा असेल तर पन्नाशीतल्या पर्सेंटाइललाही कुठे ना कुठे जागा असते. ‘प्रवेश मिळेल का?’ हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. खरा प्रश्न ‘कुठे, कोणत्या शाखेत आणि किती शुल्कात?’ हा आहे, आणि ‘चांगला’ या शब्दाचे उत्तर त्या तिन्हींवर ठरते.

पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय यांची संगणक शाखा खुल्या गटातून हवी असेल, तर साडेनव्याण्णवही पुरत नाही. पुण्याच्या पीआयसीटीसारख्या खासगी महाविद्यालयाच्या संगणक शाखेसाठी खुल्या गटाचा कटऑफ गेली काही वर्षे ९९ च्या पुढे राहिला आहे. पण त्याच सीओईपीत सिव्हिल किंवा मेटलर्जीचा कटऑफ संगणक शाखेच्या बराच खाली असतो. सांगलीचे वालचंद, नांदेडचे श्री गुरुगोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय, कराड आणि अमरावतीची शासकीय महाविद्यालये यांच्या यंत्र, विद्युत, सिव्हिल शाखांकडे पाहिले तर चित्र आणखी बदलते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या नव्या खासगी महाविद्यालयातल्या ‘एआय अँड डेटा सायन्स’चा कटऑफ जुन्या शासकीय महाविद्यालयातल्या सिव्हिलपेक्षा वर गेलेला दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. तो फरक शिक्षणाच्या दर्जाचा असतोच असे नाही. बऱ्याचदा तो त्या वर्षीच्या मागणीचा असतो.

कारण कटऑफ ही कोणी आधी आखून ठेवलेली रेषा नसते. त्या महाविद्यालयात, त्या शाखेत, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचा पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. उद्या पन्नास हुशार मुलांनी ठरवून एखाद्या शाखेला पहिला पर्याय दिला, तर तिचा कटऑफ वर जाईल. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची कमाल मर्यादा उठवली, त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी संगणक आणि तिच्या बहीण-शाखांच्या जागा वाढवल्या. तीन-चार वर्षांपूर्वीचा कटऑफ पाहून आज निर्णय घेणे म्हणूनच धोक्याचे.

कटऑफचा तक्ता कसा वाचायचा?

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, प्रत्येक फेरीनंतर कटऑफची यादी संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. ती मोफत असते. सल्लागाराला हजारो रुपये देऊन जी ‘खास यादी’ मिळते, ती बहुतेकदा याच पीडीएफवरून केलेली असते. तक्त्यात प्रत्येक रकान्यात गुणवत्ता क्रमांक आणि त्याखाली कंसात पर्सेंटाइल असतो.

घाबरवतात ते वरचे संकेत : जीओपीईएनएस, एलओबीसीएच, टीएफडब्ल्यूएस. ते उलगडायला दोन मिनिटे लागतात. पहिले अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठीच्या ३० टक्के आरक्षणातली. मधला भाग प्रवर्गाचा : ओपन, ओबीसी, एससी, एसटी, एसईबीसी इत्यादी. शेवटचे अक्षर एच असेल तर जागा गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी, ओ असेल तर अन्य विद्यापीठ क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि एस असेल तर राज्यस्तरीय. एकाच शाखेचे एच आणि ओ हे कटऑफ बरेच वेगळे असू शकतात. बार्शीत बारावी झालेल्या मुलीने सोलापूरच्या महाविद्यालयासाठी एचचा रकाना पाहायचा आहे आणि पुण्याच्या महाविद्यालयासाठी ओचा. पुण्याच्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच उलट होते. स्वायत्त किंवा विद्यापीठ दर्जाच्या संस्थांत बहुधा एसचाच रकाना दिसतो.

आपला रकाना न पाहता खुल्या गटाचा आकडा वाचून निराश होणाऱ्यांची संख्या कमी नाही. उलट चूकही तितकीच होते. आरक्षित प्रवर्गाचा कटऑफ पाहून निश्चिंत राहिलेल्या विद्यार्थ्याकडे मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र किंवा नॉन-क्रिमीलेअर दाखला नसतो, आणि त्याला खुल्या गटात धरले जाते. एका कागदाने तोच पर्सेंटाइल एका दिवसात ‘चांगला’चा ‘अपुरा’ होतो. तहसील कार्यालयातली रांग जूनमध्ये लागते ती यामुळेच. शहाण्या घरातले लोक ती जानेवारीत लावतात.

बारावीच्या गुणांकडेही पूर्ण दुर्लक्ष करून चालत नाही. ते गुणवत्ता यादीत मिळवले जात नसले, तरी पात्रतेसाठी विहित विषयांत खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीय व दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के लागतात. पर्सेंटाइल ९५ आणि बोर्डात ४४ टक्के, अशी चुटपुट लावणारी प्रकरणे दर वर्षी घडतात.

पीसीबी गटाच्या पालकांचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. सीईटीच्या पीसीबी पर्सेंटाइलवर एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही. त्याला नीटच लागते. पीसीबीचा पर्सेंटाइल मुख्यतः औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी अभ्यासक्रमांसाठी कामाला येतो. तिथली रांग वेगळी, मागणी वेगळी. अभियांत्रिकीचे कटऑफ पाहून त्याचा अंदाज बांधू नये.

पर्याय अर्जात काय पणाला लागते?

पर्सेंटाइल बदलता येत नाही, पण पर्याय अर्ज विद्यार्थ्याच्या हातात असतो. त्यात ३०० पर्यंत पर्याय देता येतात. संगणक यादी वरून खाली वाचतो आणि गुणवत्तेनुसार मिळू शकणारा पहिला पर्याय देतो. वर आवाक्याबाहेरचे पर्याय टाकल्याने खालच्या पर्यायांवर काहीच परिणाम होत नाही. ‘मोठी कॉलेजे वर टाकलीस तर नंबर जाईल’ ही अफवा आहे. चूक होते ती उलट दिशेने : पाच-सातच पर्याय भरून थांबणे, किंवा शेजाऱ्याच्या मुलाची यादी जशीच्या तशी उतरवणे.

क्रम मात्र मनापासून हवा. २०२५ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होत होती. पुढच्या फेरीत चांगल्या पर्यायासाठी थांबता येत नव्हते. त्यामुळे ‘बघू तरी’ म्हणून वर टाकलेला नको असलेला पर्याय महागात पडू शकतो.

वेगवेगळ्या पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यांनी यादी वेगवेगळ्या प्रकारे बांधायला हवी. ९९ च्या वर असलेल्याला दहा-बारा संस्था आणि दोन-तीन शाखा एवढाच विचार पुरतो. ८५ ते ९५ या पट्ट्यातल्यांचे काम सर्वांत किचकट असते, कारण त्यांना मिळू शकणाऱ्या जागा शेकडो असतात आणि त्यांच्यातला फरक तक्त्यात दिसत नाही. इथे शाखा आधी की महाविद्यालय आधी, घरापासून किती लांब, वसतिगृह आहे का, प्राध्यापक कायमस्वरूपी आहेत का, गेल्या वर्षी किती जागा रिकाम्या राहिल्या, हे विचारावे लागते. कटऑफ दोन पर्सेंटाइलने जास्त म्हणून महाविद्यालय चांगले, हा निकष या पट्ट्यात टिकत नाही. एखादी दुपार काढून तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलले, तर माहितीपत्रकापेक्षा जास्त कळते.

‘आज ठरवा’ म्हणणाऱ्याचे गणित

आता त्या सल्लागाराच्या फोनकडे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर भरता येतात. यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. या जागाही गुणवत्तेनुसारच भरायच्या असतात, आणि प्रवेशासाठी देणगी घेण्यावर राज्यात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही निकाल आणि पहिली फेरी यांच्या मधल्या दिवसांत, म्हणजे कुटुंब सर्वांत घाबरलेले असताना, या जागांचा बाजार तेजीत येतो. ‘तुमच्या पर्सेंटाइलवर काही मिळणार नाही’ हे वाक्य त्या बाजाराचे भांडवल.

घाईत हातातून काय जाते, ते बार्शीच्या त्याच मुलीवरून पाहू. समजा, ती ओबीसी आहे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या अशा मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. तिने कॅपमधून एखाद्या खासगी महाविद्यालयातली जागा घेतली, तर शिक्षण शुल्क माफ होते. तीच शाखा, तेच महाविद्यालय, तोच वर्ग तिने मॅनेजमेंट कोट्यातून घेतला, तर चारही वर्षांचे पूर्ण शुल्क घरातून जाते. वर्षाला एक लाख शिक्षण शुल्क धरले तरी फरक चार लाखांचा. त्यात ‘वरचे’ दिलेले पैसे वेगळे. खुल्या गटातल्या आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत निम्मे शिक्षण शुल्क मिळते, तीही कॅपमधून आलेल्यांनाच.

याच उत्पन्न मर्यादेतल्या विद्यार्थ्यांसाठी टीएफडब्ल्यूएस नावाचा आणखी एक रकाना असतो. प्रत्येक शाखेत मंजूर जागांशिवाय पाच टक्क्यांपर्यंत जादा जागा त्यात असतात आणि शिक्षण शुल्क माफ असते. जात-प्रवर्ग पाहिला जात नाही. जागा मोजक्या, मागणी मोठी, म्हणून तिथला कटऑफ अनेकदा खुल्या गटापेक्षाही वर जातो. शुल्क परवडत नाही अशा खुल्या गटातल्या मुलासाठी ९६ आणि ९७.५ यांतला फरक मग नावाजलेल्या महाविद्यालयाचा राहत नाही, चार वर्षांच्या शिक्षण शुल्काचा होतो.

दोनदा परीक्षा झाली तर?

२०२६-२७ च्या प्रवेशांसाठी पीसीएम, पीसीबी आणि एमबीएच्या सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय राज्य सरकारने जाहीर केला. दोन्ही परीक्षा दिल्या तर त्यातला चांगला पर्सेंटाइल ग्राह्य धरायचा, अशी ही पद्धत आहे. आजारपण, बंद पडलेला संगणक, एखादा फसलेला पेपर यांनी वर्ष वाया जाऊ नये, हा तिचा फायदा उघड आहे. २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. एकाच परीक्षेवर सगळे अवलंबून असण्याचा ताण त्या आठवड्यात त्या घरांनी पुरेपूर अनुभवला.

पण दोन संधींमुळे आकड्याचा अर्थही सरकतो. एक पर्सेंटाइल सुधारला तो फक्त एकाचा सुधारत नाही; अनेकांचा चांगला आकडा यादीत येतो. सगळ्यांचेच आकडे थोडे वर गेले, तर गेल्या वर्षी ९१.६ वर जो गुणवत्ता क्रमांक होता, त्यासाठी आता कदाचित अधिक पर्सेंटाइल लागेल. जागा तेवढ्याच आणि रांगही तीच असेल, फक्त पाटीवरचे आकडे बदललेले असतील. एक परीक्षा असतानाचे कटऑफ समोर ठेवून या नव्या पद्धतीतला पर्सेंटाइल ताडला तर तो उगाचच मोठा वाटेल. अशा वेळी जुन्या तक्त्यातल्या कंसातल्या पर्सेंटाइलऐवजी त्याच्या वर छापलेला गुणवत्ता क्रमांक पाहावा आणि आपला क्रमांक त्याच्याशी ताडावा. तात्पुरती गुणवत्ता यादी लागेपर्यंत तो कळत नाही. तोवर येणाऱ्या ‘आज ठरवा’च्या फोनला ‘यादी लागू द्या’ एवढे उत्तर पुरते.